मिनिटाला दोन फेरे

उद्यमनगरात, फौंड्रीच्या मागच्या गल्लीत
दस्तगीरमामांनी माझं यंत्र बनवलं.
वायपरची जुनी मोटर, सायकलचं बेअरिंग
आणि ॲल्युमिनियमची एक चकती, घासून लख्ख.
"ह्येनं करायचं काय, मॅडम?"
म्हटलं, याच्यावर बी रुजेल, फिरता फिरता.
मुळाला कळू द्यायचं नाही, खाली कुठं ते.
मामा हसले. हातातली चिंधी झटकली.
"मला तरी कुठं कळलंय अजून?"

मुळाच्या टोकाशी काही पेशी असतात,
त्यांच्या पोटात पिठाचे कण.
कण तळाशी बसतात
आणि पेशी म्हणते, हां, खाली इकडं.
एवढंच. पृथ्वी आत पोचते ती एवढीच.
अंतराळात कण कुठंच बसत नाहीत.
आमच्याकडे रॉकेट नाही,
मिनिटाला दोन फेरे आहेत.
कण खाली निघतो, तोवर
खाली वर गेलेलं असतं.

गगनबावड्याची नाचणी, चाळीस दाणे.
पहिल्या खेपेला बुरशी आली.
दुसऱ्या खेपेला सोमवारी वीज गेली, साडेतीन तास,
आणि तेवढ्यात मुळांनी पृथ्वी शोधून काढली.
सगळी एका बाजूला वळलेली,
मिरवणूक आली की वर्गातली पोरं खिडकीकडं वळतात तशी.
मी चिडले. मग बराच वेळ बघत बसले.

तिसऱ्या खेपेला जमलं.
मुळं द्रव नायट्रोजनात बुडवली, खलात कुटली,
आरएनए काढला.
पेशीनं त्या क्षणी लिहिलेली चिठ्ठी ती,
बोटाच्या घामानंही विरते.
चिठ्ठीत तक्रार नव्हती,
कामं बदलली होती फक्त.
भिंती पातळ ठेवा, इथं तोलायचंय कुणाला?
साखर दुसऱ्या वाटेनं न्या.
धोक्याची घंटा मात्र चालू राहू दे,
काय चाललंय ते अजून कळलेलं नाही.

दिवाळीनंतर मामा माळ्यावरून पडले. मणका.
दोन महिने पलंग.
बागल चौकातून केळी घेऊन गेले
तर चादरीबाहेर पोटरी दिसली.
तीस वर्षं लेथपुढं उभी राहिलेली पोटरी,
आता कातडी सैल, आत फारसं काही नाही.
अंतराळवीरांना काय होईल ते कळावं म्हणून
माणसांना असंच झोपवून ठेवतात,
डोकं जरासं खाली, साठ साठ दिवस, पैसे देऊन.
वजन नाही म्हटल्यावर
स्नायू मोडीत काढायला घेणाऱ्या जनुकांची
नावं मला पाठ आहेत.
तिथं ती सांगून काय करणार होते?
शमशादमामींनी चहा दिला.
"मशीन फिरतंय न्हवं?"
फिरतंय, म्हटलं.
"बेअरिंगला त्याल घाला. करकरत असंल."
करकरत होतं.

जानेवारीतल्या एका शनिवारी मी तिथंच होते.
दवाखान्यातलं पोरगं आलं, व्यायाम शिकवणारं.
त्यानं काखेत हात घालून मामांना उठवलं.
पावलं फरशीला लागली.
गुडघे लटलटले.
मामा खाली बघत राहिले,
कुणीतरी बनवून दिलेली वस्तू तपासावी तसे,
आणि म्हणाले, "लई जड हाय की ओ मी."
बारा किलो उतरलेला माणूस.
मामी पदर तोंडाला लावून हसल्या,
मग पदर तिथंच राहिला थोडा वेळ.

संध्याकाळी प्रयोगशाळेत जाऊन मोटर बंद केली.
एक रोप चकतीवरून काढलं,
आडव्या केलेल्या सूक्ष्मदर्शकापुढं उभं धरलं.
कण आधी नुसते थरथरले.
मग एक घसरला.
मग दुसरा, अडखळत, भिंतीला धरून.
सहाव्या मिनिटाला बहुतेक सगळे तळाशी.
मूळ वळायला वेळ घेतं, अर्धा तास तरी.
नोंदवहीत वेळ लिहिली, आठ वाजून दहा,
आणि समासात, विसरू नये म्हणून: तेल.